बैलाला सुट्टी, बाईला सत्कार

नवीन वर्षाचं कालनिर्णय घरात आलं की माणसं आधी राशिभविष्य बघतात, असं ज्याला वाटतं त्यानं कधी नोकरी केलेली नाही. आधी लाल तारखा मोजतात. कोणत्या सुट्ट्या रविवारात बुडाल्या त्यांचा शोक होतो. कुठे शुक्रवार-सोमवार जोडून आला असेल तर तिथे पेनानं बारीक टिंब पडतं. हे सगळं चालतं पुढच्या बाजूला. मागच्या बाजूला पाककृती असतात. कागद एक, खिळा एक. पुढे घरादाराच्या सुट्ट्या आणि पाठीमागे त्या सुट्ट्यांना काय रांधायचं त्याची साहित्यासह कृती. ही वाटणी कोणी ठरवून केली असेल असं मला वाटत नाही. ठरवून इतकी अचूक जमत नाही.

शासन दर वर्षी सार्वजनिक सुट्ट्यांची अधिसूचना काढतं. बाकीचे कागद आमच्या कार्यालयात टेबलावरून टेबलावर हिंडतात, हा एकच कागद झेरॉक्स होऊन टेबलाच्या काचेखाली जातो. यंदा तो वाचताना मी नुसती नावं बघत गेले. शिवाजी महाराज आहेत, बाबासाहेब आहेत, गांधीजी आहेत. प्रभू रामचंद्र, महावीर, गौतम बुद्ध, गुरू नानक, येशू ख्रिस्त आहेत. सगळेच वंदनीय, आणि एकाही सुट्टीबद्दल माझी तक्रार नाही. मिळाल्या तेवढ्या मी घेतलेल्या आहेत. पाताळात जाऊन युगं लोटली तरी बळीराजाच्या नावानं बलिप्रतिपदा आहे. बाईच्या नावाची सुट्टी मात्र अख्ख्या यादीत एकच सापडली, ती लक्ष्मीपूजनाची. म्हणजे सुट्टी मिळवायला बाईला किमान देवी व्हावं लागतं. बरं, त्या दिवशी लक्ष्मी पाटावर बसते आणि बाकीच्या बाया पंधरा दिवसांपासून उभ्या असतात.

रामनवमीला कळा सोसल्या कौसल्येनं, सुट्टी घेतो आपण. १९ फेब्रुवारीला कार्यालय बंद. १२ जानेवारीला, जिजाऊंच्या जयंतीला, हजेरीपट चालू. सिंदखेडराजा आमच्या शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यात. त्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नसते, पण त्या गर्दीतला प्रत्येक नोकरदार रजा टाकून आलेला असतो.

तर बाईच्या सन्मानासाठी एक राष्ट्रीय सुट्टी असावी, अशी मागणी अधूनमधून उठते. राष्ट्रीय म्हणाव्या अशा सुट्ट्या देशात तीनच: २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. चौथी मिळाली तर मला हवीच आहे. बर्लिन शहरानं २०१९ पासून ८ मार्चची सुट्टी सुरू केली. दक्षिण आफ्रिकेत ९ ऑगस्टला असते, १९५६ साली वीसेक हजार बाया सरकारच्या दारावर चालून गेल्या होत्या त्याची आठवण म्हणून. रशियात तर १९६६ पासून ८ मार्चला सगळं बंद. म्हणजे मागणी जगावेगळी नाही. अडचण पुढे आहे.

आपल्याकडे सुट्ट्या ज्या कायद्याखाली जाहीर होतात त्याचं मराठी नाव ‘परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१’. हे नाव न अडखळता म्हणणाऱ्याला एक सुट्टी तिथल्या तिथे द्यावी. कायदा मुळात हुंड्यांचा, वचनचिठ्ठ्यांचा आणि धनादेशांचा. सुट्टी कशाला म्हणायचं ते त्याच्या कलम २५ मध्ये आहे, आणि ते कलम सांगतं ते असं: हुंडीची मुदत सुट्टीच्या दिवशी भरत असेल तर ती आदल्या कामाच्या दिवशीच भरली असं धरायचं. म्हणजे सुट्टी आली म्हणून देणं पुढे ढकललं जात नाही. उलट एक दिवस आधी भागवायचं.

हे वाचून मी चकित झाले. इंग्रजांनी एकशे चाळीसहून जास्त वर्षांपूर्वी आमच्या वऱ्हाडातल्या घरांचा कारभार कसा काय लिहून ठेवला? चुलतबहिणीच्या लग्नाला एक दिवस माहेरी जायचं असलं की आदल्या रात्री घरात कलम २५ लागू होतं. दोन वेळची कणीक मळून फ्रिजमध्ये जाते. भाजी चिरून नव्हे, करून ठेवायची, कारण चिरलेली भाजी करणारा कोणी नसतो. गणवेश इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर. मटकी भिजली, दूध विरजलं, सासऱ्यांच्या गोळ्या पुडीत बांधल्या, पुडीवर ‘सकाळ’ आणि ‘रात्र’ लिहिलं. रात्री साडेबाराला सगळी देणी आदल्या कामाच्या दिवशी चुकती करून बाई झोपते आणि पहाटेच्या एसटीनं ‘सुट्टीवर’ जाते.

तरी म्हटलं, एक दिवस ठरवून तर पाहू. आमचा जिल्हा तसा तरुण. १ जुलै १९९८ ला वाशिमनं अकोल्यापासून वेगळी चूल मांडली. सहा तालुके: वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा. २०११ च्या जनगणनेत वस्ती बारा लाखांना थोडी कमी, त्यात बाया पावणेसहा लाखांच्या आसपास. दिल्लीनं आमची गणना ‘आकांक्षित’ जिल्ह्यांत केली आहे, तेव्हा आकांक्षा बाळगायला कोणाची हरकत नसावी. मी मनातल्या मनात पावणेसहा लाख बायांसाठी तारीख शोधायला बसले.

३ जानेवारी सगळ्यात योग्य. सावित्रीबाई फुल्यांची जयंती. पण तेव्हा आमच्याकडे तूर कापणीला आलेली असते आणि कारंजा-मानोऱ्याकडे कापसाची वेचणी चालू असते. शिवाय स्वतः सावित्रीबाईंनी आयुष्यात सुट्टी घेतल्याचं कुठे दिसत नाही. १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करताना त्यांना तोच रोग लागला आणि त्या गेल्या. अशा बाईच्या नावानं ‘आज काम बंद’ म्हणायला माझी जीभ रेटेना. १२ जानेवारीला जिजाऊ, पण दोन दिवसांवर संक्रांत, घरात तीळ भाजायचा वास आणि हळदीकुंकवाच्या वाणावरून वाटाघाटी. १३ फेब्रुवारी हा सरोजिनी नायडूंचा जन्मदिवस, देशाचा राष्ट्रीय महिला दिन तोच. हे वाचून दहांतल्या नऊ जणांना नवल वाटेल. त्याच्या दुसऱ्या दिवशी काय असतं ते मात्र दहाही जणांना ठाऊक आहे. ८ मार्चला गहू-हरभरा काढणीला, पोरांच्या परीक्षा, आणि नोकरीवाल्यांचा मार्च एंड. त्या महिन्यात आमच्याकडे रजेचा अर्ज दिला तर साहेब अर्जाकडे न बघता अर्जदाराकडे बघतात. ३१ मे, अहिल्यादेवींची जयंती. तेव्हा गच्चीवर कुरडया, पापड, सांडगे, म्हणजे वर्षाचं वाळवण.

सगळ्यात गंमत १५ ऑक्टोबरची. हा महिला किसान दिन. केंद्राचं कृषी खातं तो २०१७ पासून पाळतं, आणि संयुक्त राष्ट्रांचा ग्रामीण महिला दिनही त्याच तारखेला. आता वाशिम हा सोयाबीनचा जिल्हा. ऑक्टोबरात इथे सोंगणी आणि मळणीची धांदल असते. पाऊस कधी येईल सांगता येत नाही, शेंगा तडकायला लागलेल्या, आणि शेतकरी बाई कमरेत वाकून विळा चालवत असते. तिच्या सन्मानाचा दिवस तिच्या पाठीवरून निघून जातो. तिनं वर पाहिलंच तर ढग बघायला पाहते.

इतिहासातही हिंडून आले. वाकाटकांची एक शाखा वत्सगुल्माहून, म्हणजे आमच्या वाशिमहूनच राज्य करायची. दुसऱ्या, रामटेककडच्या शाखेत प्रभावतीगुप्ता नावाची राणी होऊन गेली. नवरा वारला, पोरं लहान, तर बाईनं स्वतःच कारभार हाती घेतला आणि ताम्रपट आपल्या नावानं काढले. सोळाशे वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या ताम्रपटांत दान कोणाला दिलं, आपलं माहेर कोणतं, सासर कोणतं, हे सगळं आहे, जन्मतारीख नाही. जयंती नाही म्हणजे सुट्टी नाही. पुढच्या काळात कोणी बाई राज्य चालवत असेल तर तिनं आधी जन्माचा दाखला काढून ठेवावा.

तात्पर्य, बाईच्या वर्षात रिकामी अशी एकही तारीख नाही. सुट्टी घालायची तर दुसरं काहीतरी उचलून बाजूला ठेवावं लागेल, आणि ते उचलायला पुन्हा तिलाच हाक मारतील.

तारीख जमत नाही म्हणून आपण सत्कारावर भागवतो. ८ मार्चचा मेळावा पाहिला नाही असा माणूस आमच्या जिल्ह्यात नसेल. मी कोणत्या एका मेळाव्याबद्दल बोलत नाही. सगळे एकाच साच्यातून निघतात. कार्यक्रम अकराचा. बचत गटाच्या बाया दहालाच येऊन बसलेल्या, कारण काळीपिवळी त्याच वेळेची होती. प्रमुख पाहुणे पावणेदोनला येतात. व्यासपीठावर अकरा खुर्च्या, त्यांत नऊ पुरुष. दोघी बाया अगदी कडेला, जिथे पंख्याचा वारा पोचत नाही. पुष्पगुच्छांत पाऊण तास जातो. मग भाषणं. आदिशक्ती येते, पाळण्याची दोरी येते, एकीकडे कल्पना चावला आणि दुसरीकडे चूल अशी ओढाताण होते. प्रत्येक वक्ता ‘माझ्या यशामागे माझ्या सौभाग्यवतीचा हात आहे’ असं सांगतो. सौभाग्यवती कार्यक्रमाला आलेल्या नसतात. हात कामात असतो.

मग स्पर्धा. रांगोळी, संगीत खुर्ची आणि पाककला. बाईचा सन्मान करायचा म्हणून तिला घरून स्वयंपाक करून आणायला लावतात आणि तिघे परीक्षक ताटातून ताटात चमचा फिरवत जातात. मी एकदा पाहिलेल्या तिघांनाही मधुमेह होता, पण शेवटच्या बासुंदीपर्यंत कोणी कर्तव्यात कसूर केली नाही. सत्कारमूर्तींना शाल आणि श्रीफळ मिळतं. मार्चमधलं वाशिम, पत्र्याचं सभागृह आणि अंगावर शाल. हा सत्कार आहे की शिक्षा, हे घाम पुसताना ठरत नाही. बाकीच्यांना स्टीलचा एकेक डबा. डबा रिकामा असतो. तो कोणी भरायचा हे सांगावं लागत नाही. अंगणवाडी सेविकेला डबाही निवांतपणे बघता येत नाही. तिला महिला दिन साजरा झाल्याचे फोटो रेंज शोधून वर चढवायचे असतात.

सुट्टीची ही सगळी कल्पना मी निंदणाला बसलेल्या एका मावशींपुढे मांडली. मालेगावकडच्या रस्त्याला लागून शेत होतं, सोयाबीन गुडघाभर आलेलं. त्यांनी खुरपं थांबवलं नाही.

“सुट्टी म्हंजे खाडा ना वं बाई?” त्या म्हणाल्या. “खाडा झाला त रोज कोन देईन?”

मी म्हटलं, समजा, सरकारनं त्या दिवसाचा रोजही दिला.

“बरं, देल्ला. अन् म्हैस? तिले कोन सांगीन, आज सुट्टी हाय म्हून?”

म्हशीला जीआर वाचता येत नाही, हे मला मान्य करावं लागलं.

“अन् त्या दिवशी सयपाक का सरकार करते?”

ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मंत्रालयाकडेही नसावं. मावशींनी तेवढ्या वेळात एक पूर्ण ओळ निंदून संपवली आणि मला म्हणाल्या, उभी काहून हायेस, बस, खुरपं देऊ का.

सुट्टीचा इतिहास मराठी माणसानं छातीवर हात ठेवून सांगावा असा आहे. रविवारची सुट्टी आपल्याला इंग्रजांनी प्रेमानं दिलेली नाही. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी ती कित्येक वर्षं मागत होते. २४ एप्रिल १८९० ला मुंबईत दहा हजार कामगारांची सभा भरली आणि तिच्यात दोन कामगार बायांनीही उठून भाषणं केली. १० जूनला गिरणीमालकांनी रविवार मान्य केला. इतिहासात एवढंच आहे. त्या दोघींच्या घरी पहिल्या रविवारी काय झालं ते कोणी लिहून ठेवलं नाही, पण मी पैजेवर सांगते: नवरा घरी, पोरं घरी, दीर घरी, ‘आज सगळे आहेत तर काहीतरी चांगलं कर’ अशी फर्माईश, आणि स्वयंपाक रोजच्या दुप्पट. भाषण करून मिळवलेला रविवार दोघींना सोमवारपेक्षा महाग पडला असणार. आजही रविवारी आमच्या घरात सगळ्यांची सुट्टी असते, त्यामुळे चहा पाचदा होतो.

जुन्या काळी बाईला महिन्याकाठी चार दिवस मिळत, कावळा शिवला म्हणून. स्वयंपाकघरातून सुटका असे खरी. शेतातल्या निंदणाला मात्र कावळ्याची कधी हरकत नव्हती.

मानोऱ्याकडच्या बंजारा तांड्यांवर श्रावणात तीज असते. पोरी टोपल्यांत गहू पेरतात, रोज पाणी घालतात, रात्री फेर धरून गातात. निव्वळ मौज म्हणावी असा बायांचा सण मला हा एकच आठवतो. त्यालाही आधी नायकाची परवानगी काढावी लागते आणि करणारी पोर बिनलग्नाची असावी लागते. लग्न झालं की गहू निवडायचा.

आता ज्याच्यामुळे हा लेख लिहायला बसले तो मुद्दा. सुट्टी द्यावी कशी, हे आम्हा वऱ्हाडातल्या लोकांना येत नाही असं मुळीच नाही. आम्हाला ते फार उत्तम येतं. पोळा बघा.

आदल्या संध्याकाळी खांदेमळणी. वर्षभर जू ओढून ज्या खांद्याला घट्टे पडले तो खांदा गरम पाण्यानं शेकून, हळद-तूप लावून धनी स्वतःच्या हातानं चोळतो. घाई नाही. चोळून झाल्यावर बैलाला उद्याच्या जेवणाचं रीतसर आवतण द्यायचं. दुसऱ्या दिवशी मानेवर जू नाही, पाठीवर चाबूक नाही, तोंडून शिवी नाही. नाल्यावर आंघोळ. शिंगांना रंग, बेगड, बाशिंग. गळ्यात घुंगरमाळा, पाठीवर झूल, नवी वेसण, नवा कासरा. संध्याकाळी गावाच्या तोरणाखाली सगळ्या जोड्या उभ्या राहतात, झडत्या होतात, मानाची जोडी पुढे निघते, पोळा फुटतो. मग बैल घरोघरी जातो, त्याचे पाय धुतात, त्याला ओवाळतात, पुरणपोळी आधी त्याच्या तोंडाला लागते आणि नंतर घरच्यांच्या. त्याला घेऊन हिंडणाऱ्या गड्याला बोजारा, म्हणजे बक्षिसी मिळते. ह्या सगळ्यात बैलाला एकही भाषण ऐकावं लागत नाही. ‘बैल ही आदिशक्ती आहे’ असं कोणी म्हणत नाही. त्याला रिकामी बादली भेट देऊन ‘आता ही भर’ असंही सुचवत नाहीत. काम बंद म्हणजे बंद, आणि त्या दिवशीची सेवा धन्याकडे.

कालपरवापर्यंत हे बैलापुरतं होतं. आता बैल कमी झाले, तर काही गावांत ट्रॅक्टरला माळा घालून उभं करतात. नागपंचमीला चुलीवर तवा ठेवायचा नाही, काही चिरायचं नाही. सवड मिळते ती नागाच्या नावानं. खांडेनवमीला नांगर, वखर, कोयता, स्टेपनी ह्यांनाही एक दिवस विश्रांती आणि वर हळदकुंकू. कारंज्यावरून जाणारी शकुंतला रेल्वे शंभरावर वर्षं अरुंद रुळांवर धापा टाकत फिरली. नावानं बाई असल्यामुळे तिला विसावा मिळाला तो थेट गाडीच बंद पडल्यावर.

पोळ्याच्या दिवशी घरातली बाई कुठे असते? चुलीपुढे. पहाटे हरभऱ्याची डाळ शिजत घातलेली, पुरण वाटून मनगट भरून आलेलं, कटाची आमटी उकळतेय, चाळीस पोळ्या झाल्या आणि बैल अजून तोरणाखालीच. बैलाच्या मानेवरचं जू त्या दिवशी खाली उतरतं, पण ते जमिनीवर पडत नाही. पुढे भाद्रपदात ऋषिपंचमीला तीच बाई उपास करते आणि बैलाच्या कष्टाचं काही खात नाही. म्हणजे बैलाला वर्षात दोन सुट्ट्या, दुसरी बाईच्या पोटातून दिलेली. पंचांगात ‘आज बाईच्या कष्टाचं खाणार नाही’ असं पुरुषांचं एखादं व्रत आहे का, हे मी शोधलं. नाही. असतं तर निर्जळीच ठरलं असतं.

बाईची तुलना बैलाशी केली म्हणून कोणी रागावेल. रागवा. माझी मागणी बरोबरीची आहे.

पोळ्यासारखी सुट्टी बायांनी जगात एकदा घेऊन दाखवली आहे, आइसलँडमध्ये. २४ ऑक्टोबर १९७५. त्या देशाची वस्ती तेव्हा सव्वादोन लाखांच्या आतबाहेर, म्हणजे आमच्या एखाद-दुसऱ्या तालुक्याएवढी. नव्वद टक्के बायांनी त्या दिवशी कचेरीतलं काम केलं नाही, घरातलंही केलं नाही. बाप पोरांना घेऊन कामावर गेले, कागद-पेन्सिली देऊन त्यांना टेबलाखाली बसवलं. दुकानांतलं झटपट शिजणारं सॉसेज संपलं. पुढल्याच वर्षी तिथे समान हक्कांचा कायदा झाला, आणि पाच वर्षांनी बाई राष्ट्राध्यक्ष. आमच्याकडे असं झालं तर काय संपेल ह्याचा मी विचार केला. पाटणी चौकातले पोहे सकाळी आठलाच खलास होतील. नऊला अकोला नाक्यावरचे आलुबोंडे. दुपारी बारापर्यंत शहरातला शेवटचा समोसा गेला की पुरुषमंडळी एकमेकांकडे बघतील, आणि अडीच वाजता पालकमंत्र्यांना निवेदन जाईल.

म्हणून सुट्टीच्या अधिसूचनेत मला फक्त एक वाक्य वाढवून हवं आहे. सरकारी नोकराला वर्षाला आठ किरकोळ रजा असतात, आणि रजेच्या अर्जात शेवटची ओळ ठरलेली असते: रजेच्या काळात माझा पदभार अमुक यांच्याकडे राहील. ही ओळ नसेल तर अर्ज परत येतो. बाईच्या सुट्टीत तेवढी ओळ लिहायची राहून गेली आहे. देशातल्या माणसांचा दिवस कशात जातो ह्याची केंद्र सरकारनं २०१९ साली मोजणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं जातात आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. हे ९७ देखील मुळात कामाला हात लावणाऱ्यांचेच. बाकीचे हिशेबात आलेलेच नाहीत. पुन्हा २०२४ मध्ये मोजलं. बायांचं काम दहा मिनिटांनी कमी होऊन २८९ वर आलं. मला आनंद झाला, मग पुढचा आकडा वाचला. पुरुष ८८ वर आले होते. तिनं दहा मिनिटं पाठ टेकली तेवढ्यात ह्यांनीही नऊ मिनिटं काढून घेतली.

तेव्हा आदल्या संध्याकाळी, खांदेमळणीच्या सुमारास, पदभार हस्तांतरणाचा अहवाल दोन प्रतींत व्हावा. नमुना मी करून ठेवला आहे. हळद श्रीखंडाच्या डब्यात आहे. तिखट कॉफीच्या बरणीत. ज्या डब्यावर ‘साखर’ लिहिलं आहे त्यात मीठ आहे. लेबलं आधीच्या पदधारक, म्हणजे सासूबाई, ह्यांनी लावलेली असून बदलण्यास अद्याप मंजुरी नाही. मोठ्या शेगडीचं बटण दाबून डावीकडे फिरवावं, घाबरू नये. नळ येईल त्या पहाटे आधी पिण्याचं भरावं, मग टाकी. दूधवाल्याचे खाडे कॅलेंडरवर फुलीनं केले आहेत, तो मान्य करणार नाही. बाबांची सकाळची गोळी पांढरी, रात्रीची गुलाबी. ते उलट सांगतील. धाकटा दोडका खात नाही, त्याला भाजीचं नाव सांगू नये. प्रलंबित प्रकरणं: शेजारच्या काकूंची वाटीभर साखर, परत करताना वाटी शिगोशीग भरावी, नणंदेच्या वास्तुशांतीचा आहेर, विरजण. विरजण दर रात्री.

हा नमुना मी कार्यालयातल्या एका सहकाऱ्यांना दाखवला. तीस वर्षं त्यांनी चार्ज घेण्या-देण्यातच घालवली आहेत. त्यांनी चष्मा वर करून दोनदा वाचला आणि विचारलं, “हे सगळं कोणत्या रजिस्टरला आहे?” कोणत्याच नाही, म्हटलं. “मग ह्याचं ऑडिट?” रोज होतं, दोन वेळा, जेवताना. ते गप्प झाले. थोड्या वेळानं म्हणाले, “मॅडम, एक शंका. सुट्टी संपल्यावर बाईंनी पदभार परत घेतलाच नाही, तर?”

नियम सरळ आहे. मूळ पदावर कोणी रुजू होईपर्यंत अतिरिक्त कार्यभार ज्याच्याकडे आहे त्यानंच तो सांभाळायचा. आणि आमच्या भागात अतिरिक्त कार्यभार एकदा गळ्यात पडला की किती वर्षं राहतो, हे कोणत्याही प्रभारी अधिकाऱ्याला विचारा. सहकाऱ्यांनी कागद माझ्या टेबलावर परत ठेवला, पण त्याआधी मोबाइलवर त्याचा फोटो काढून घेतला. मिठाचा डबा कोणता, ते त्यांना आजवर माहीत नव्हतं.